टाका नाही, वण नाही

१

चष्म्याच्या दुकानात काम करणारी ती मुलगी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कानामागे नवी फ्रेम बसवता बसवताच कोसळली. म्हाताऱ्याचा जुना चष्मा काउंटरवर, नवा अजून नाकावर टेकायचा होता. त्यामुळे समोरची निळी आकृती एकाएकी खाली गेली, एवढंच त्याला दिसलं.

"पोरी, काही पडलं का गं?" तो हवेत हात फिरवत विचारत राहिला.

मालक धावला. मुलीचे ओठ जांभळे पडलेले, अंगाचा विस्तव झालेला, आणि श्वास असा, जणू भात्याला भोक पडलंय.

हॉस्पिटलात शर्टाची वरची बटणं सोडली आणि अपघात विभागातला डॉक्टर चपापला. छातीच्या दोन्ही बाजू लालबुंद, सुजलेल्या, हाताला दगडासारख्या लागत होत्या. त्याने सोनोग्राफी करून पाहिली तर आत सगळं पांढरं धुकं. एवढ्यात मुलीला शुद्ध आली. तिने चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि दोन्ही मुठींनी अशी घट्ट धरली की सोडवता सोडवेना.

डॉक्टर बाहेर आला. तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, भिंतीशी उभी होती. ती जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि अंगावरच्या कामाच्या जाड कोटासकट धावत आलेली. पर्स तिने छातीशी धरली होती.

"हिच्या छातीला जंतुसंसर्ग झालाय, फुप्फुसंही बिघडलीत," डॉक्टर म्हणाला. "हल्ली हिचं काही ऑपरेशन झालं होतं? छाती मोठी करायचं वगैरे? आतलं काही फुटल्यासारखं दिसतंय."

ताईचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

"झालं असणारच! त्या प्लॅस्टिक सर्जनकडे गेली होती ती. त्यानंच सुया टोचून टोचून माझ्या बहिणीची ही दशा केली. मी सोडणार नाही त्याला!"

दुपारपर्यंत तक्रार आरोग्य खात्यात पोचली. खात्यातून सर्जनला फोन गेला. तो शांतपणे म्हणाला, "मुलगी माझ्याकडे आली होती, खरं आहे. पण माझ्या हातून तिच्या अंगावर साधा ओरखडाही उठलेला नाही."

दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलत होतं. आणि मुलीचा दम वाढत चालला होता.

२

तपास ज्यांच्याकडे आला त्यांना खात्यात घारीबाई म्हणत. डोळे घारे आहेत म्हणून, असं त्या स्वतः सांगत. घारीसारखी झडप घालतात म्हणून, असं ज्यांच्यावर झडप पडली होती ते सांगत. बोगस डॉक्टर, भेसळीची औषधं, पदवी नसताना दात काढणारे, असल्या लोकांच्या मागे फिरून त्यांचे केस पिकले होते.

डॉक्टरने त्यांना दारातच गाठलं. "बाई, जंतू मारायची औषधं चालू आहेत, पण ताप हलत नाही. आत काय आहे ते कळलं पाहिजे. पिशवी फुटलीय, की विरघळणारं जेल आहे, की आणखी काही? प्रत्येकाचा इलाज वेगळा. हिला आडवं करून मोठ्या मशीनमध्ये घालावं तर श्वास पुरत नाही. आणि ही ना बोलते, ना तपासू देते."

"बोलेल," घारीबाई म्हणाल्या. भल्याभल्यांना बोलतं केलं होतं त्यांनी.

वॉर्डात शेजारच्या खाटेभोवती पेशंटचे नातेवाईक होते, सफाईवाला फरशी पुसत होता. घारीबाई खुर्ची ओढून बसल्या आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हे बघ, शिकलेली आहेस, चार लोकांत वावरतेस. मग हे असलं करून घ्यायची गरजच काय होती तुला?"

शेजारच्या खाटेपाशी कुणीतरी खुदकन हसलं. पुसणारा हात थांबला.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर घारीबाईंना चाललं असतं. तिथे राग नव्हता. हा प्रश्न ती आधीच हजारदा स्वतःला विचारून चुकली होती आणि आता तो भर वस्तीत कुणी मोठ्याने वाचून दाखवावं, तसं काहीतरी त्या डोळ्यांत होतं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग कितीही विचारलं तरी हूं नाही की चूं नाही.

घारीबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तीस वर्षांची नोकरी, आणि दोन वाक्यांत साक्षीदाराचं तोंड शिवून टाकलं होतं त्यांनी.

३

सर्जनची खोली चकचकीत होती. टेबलावर पारदर्शक, गोलसर पिशव्या मांडलेल्या. एक त्याने कागद उडू नयेत म्हणून ठेवली होती.

"मी तिला सगळं समजावलं होतं," तो म्हणाला. "तुम्हालाही समजावतो." त्याने एक पिशवी त्यांच्या हातात दिली. ती मऊ होती, जड होती. "ही सिलिकोन जेलची. हाताला खऱ्यासारखी लागते. पण फुटली तर कधीकधी कळतही नाही, म्हणून अधूनमधून तपासून घ्यावं लागतं. ही दुसरी मिठाच्या पाण्याची. फुटली तर लगेच चपटी होते, पाणी अंगात जिरून जातं, अपाय नाही. पण सडपातळ बाईच्या कातडीखाली सुरकुत्या दिसतात."

"म्हणजे ही जास्त सुरक्षित?"

"एका बाबतीत. दोन्हींभोवती शरीर आवरण तयार करतं, ते कधी आवळतं, दुखतं. दोन्ही जन्मभर टिकत नाहीत, पुन्हा ऑपरेशनची तयारी ठेवावी लागते. खडबडीत पृष्ठभागाच्या काही पिशव्यांमुळे क्वचित एक वेगळाच कॅन्सर होतो, म्हणून मी त्या वापरत नाही."

"आणि तिसरा मार्ग?"

"स्वतःची चरबी. पोटातली, मांडीतली नळीने ओढायची, गाळायची आणि वर भरायची. परकं काही नाही. पण थोडी जिरून जाते, कधी गाठी होतात. शिवाय त्या मुलीच्या अंगावर चरबीच नव्हती, ओढणार कुठून? तिला मी सांगितलं, बिनधोक असं यात काहीच नाही. कमी धोका आणि जास्त धोका एवढंच आहे. काहीच न करणं हाही पर्याय आहे. फक्त एक गोष्ट कुणी फुकट दिली तरी करायची नाही. सुईने भरलेलं तेल किंवा जेल. पिशवी निदान काढता येते. मांसात मुरलेलं तेल कोण वेचून काढणार? रक्तात शिरलं तर थेट फुप्फुसात जातं."

माणूस खरा बोलत होता, मोजून मापून बोलत होता. घारीबाईंना त्याच्यावर राग धरायला जागा सापडेना.

"मग ती परत का आली नाही?"

सर्जन पहिल्यांदा अडखळला. "मापं घेतली त्या दिवशी. माझे विद्यार्थी होते, चारपाच मुलं. मी मापं मोठ्याने सांगतो, ते उतरवून घेतात. मी हात धुऊन आलो तर ती गेली होती. बाहेर बसणाऱ्या रिसेप्शनिस्टला म्हणाली, ताईला विचारून सांगते."

"विद्यार्थी चालतील का, हे तिला विचारलं होतं?"

सर्जनने टेबलावरच्या पिशव्या एका ओळीत लावल्या, मग परत हलवल्या.

"नव्हतं विचारलं," तो म्हणाला. आणि मग, आपल्याशीच बोलल्यासारखं, "एक मुलगा हसला होता. मी त्याला रागावलो. तिच्यासमोरच."

४

मुलगी राहायची ताईकडेच. घर वर आणि खाली ताईच्या नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान. मुलगी त्याला भावजी म्हणे. गडी बडबड्या, मनाचा वाईट नव्हे.

"आमची काडी बरी होईल ना हो?" त्याने आल्या आल्या विचारलं.

"काडी?"

"लाडानं म्हणतो आम्ही. अंगानं काडी ना ती! त्यातून चष्म्याच्या दुकानात लागली. चष्म्याला काड्या बसवणारी काडी!" तो हसला, मग घारीबाई हसत नाहीत हे पाहून थांबला. "गंमत हो. सगळी गल्ली म्हणते."

"तीही हसायची?"

"हसायची की." त्याने खिळ्यांचं खोकं उगाच सरळ केलं. "म्हणजे… आधी आधी."

घारीबाईंची नजर फडताळावरून फिरत होती. झटपट चिकटणारा गोंद. न्हाणीघराच्या फटी बुजवायच्या नळ्या. आणि खालच्या कप्प्यात बिनरंगी तेलाच्या बाटल्या, वर ठळक अक्षरांत सिलिकोन.

"हे कशाचं?"

"हे होय? व्यायामाची ती चालायची मशीन असते ना, तिच्या पट्ट्याला घालायचं. पूर्वी कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता समोरची पार्लरवाली सारखी नेते. तब्येतीचं भारीच वेड बाईला!"

तो हे इतक्या मोकळेपणी बोलला, की घारीबाई घोटाळ्यात पडल्या. लपवणारा माणूस असा बोलत नाही.

ताई चहा घेऊन खाली आली. दुकानात घाम फुटत होता, तरी अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेलं जाड जाकीट. कप पुढे करताना तिने कोपर अंगापासून हलू दिलं नाही. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा तिने नवऱ्याला काढायला लावला.

"खांदा आखडलाय," ती म्हणाली. "रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून." मग एकदम, "त्या सर्जनला अटक कधी करणार?"

घारीबाई समोर पार्लरमध्ये गेल्या. दोन खुर्च्या, एक आरसा, मागे पडद्याआड एक अरुंद खाट. एवढ्याशा जागेत चालायची मशीन सोडा, माणसाला धड वळता येत नव्हतं.

पार्लरवाली कुणाचे तरी केस वाळवत होती. प्रश्न ऐकून तिने यंत्र बंद केलं आणि सरळ डोळ्यांत बघून म्हणाली, "चष्म्याच्या दुकानातली ना? तिला मी आजवर हातसुद्धा लावलेला नाही. पोराबाळांची शपथ."

तेल कशाला नेतेस, हे घारीबाईंनी मुद्दामच विचारलं नाही. पाखरू उडालं असतं. पण एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. खोटं बोलणारा त्यांना लांबून ओळखू येई. आणि ही बाई, निदान हे एक वाक्य, खरं बोलत होती. तिथंच घोडं पेंड खात होतं.

५

त्या परत वॉर्डात गेल्या. या वेळी आधी नातेवाइकांना बाहेर काढलं, पडदा ओढला, आणि खुर्चीवर न बसता खाटेशी उभ्या राहिल्या. मुलीला आता मास्क लावला होता. डोळे भिंतीकडेच.

घारीबाईंना माफी मागायची सवय नव्हती. घसा दोनदा साफ करावा लागला.

"परवा मी चुकले," त्या म्हणाल्या. "लोकांदेखत विचारलं, आणि जे विचारलं तेही विचारायचं कारण नव्हतं. तुझं अंग आहे. त्याचं काय करावं हे तू मला सांगायला बांधलेली नाहीस. मला लाज वाटली बाहेर गेल्यावर. अजून वाटतेय."

मग चादरीवरच्या मुठी हळूहळू सैल झाल्या.

"फक्त सिस्टर," मुलगी म्हणाली. "आणि तुम्ही. डॉक्टर नको."

वॉर्डातल्या सिस्टरने बॅटरी आणली. तिने सावकाश, प्रत्येक वेळी आधी सांगून, चादर थोडी थोडी बाजूला केली. स्तनाखालच्या घडीत पाहिलं, काखेत पाहिलं, स्तनाग्राभोवती पाहिलं. पिशवी आत घालायची तर यांतल्या एका ठिकाणी तरी कापावं लागतं. टाका नव्हता. वण नव्हता. मग पोट पाहिलं, मांड्या पाहिल्या. चरबी ओढली असती तर नळीच्या भोकांच्या खुणा हव्या होत्या. कातडी स्वच्छ होती.

"म्हणजे पिशवी नाही, चरबी नाही," घारीबाई पुटपुटल्या.

"हे बघा," सिस्टर दबक्या आवाजात म्हणाली. घडीच्या बाहेरच्या कडेला बारीक ठिपके होते, दोन्ही बाजूंना, आणि प्रत्येक ठिपक्यावर कडक, चकाकणारी खपली. तिने चिमट्याने एक उचलली. "बाई, ही खपली नाही. हा गोंद आहे. भोकातून परत बाहेर येऊ नये म्हणून लावलेला."

घारीबाईंना दुकानातलं फडताळ आठवलं.

"कुणी केलं?" त्यांनी विचारलं, अगदी हळू.

मुलीने डोळे मिटले. "मी. मीच केलं. एकटीनं."

"भरलं काय होतं?"

"ते नाही माहीत." आणि एवढं बोलण्याने ती इतकी धापा टाकू लागली की सिस्टरने हाताने थांबवलं.

पडद्याबाहेर आल्यावर सिस्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "हिनं स्वतः केलं? शक्य नाही. नुसतं रक्त काढायचं म्हटलं तरी चळाचळा कापते ती. डोळे फिरतात. तिची ताई उशाशी बसून हात धरते तेव्हा कुठे सुई टोचू देते."

घारीबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. डोक्यात काहीतरी कटकन जागेवर बसलं होतं, आणि ते बसू नये असं त्यांना फार वाटत होतं.

६

ताई हॉस्पिटलच्या मागच्या बाकावर बसली होती, पर्स छातीशी धरून, उन्हात, जाकीट घालून. घारीबाई शेजारी बसल्या.

"बहिणीनं सांगितलं, तिनं स्वतःच केलं," त्या म्हणाल्या.

ताईच्या मानेची शीर हलली.

"मी विश्वास ठेवला नाही. जिला सुईची एवढी भीती, ती स्वतःला इतक्या वेळा टोचून घेणार नाही. परक्याकडूनही घेणार नाही. ज्या एकाच माणसाचा हात धरला की तिला भीती वाटत नाही, त्याच्याकडूनच घेईल." घारीबाई तिच्याकडे न बघता बोलत होत्या. समोर एक माळी पाइपने रोपांना पाणी घालत होता, त्याच्याकडे बघत होत्या. "पहिल्या दिवशी डॉक्टर तुम्हाला म्हणाला, ऑपरेशन झालं होतं का. तो ऑपरेशनचं बोलत होता. मीही मनात तेच धरून चालले. छाती मोठी करायची म्हटलं की सगळ्यांना पिशवीच आठवते. पण तुम्ही म्हणालात, सुया टोचून टोचून. ते ठिपके आम्हाला आत्ता दिसले. तुम्हाला तेव्हाच कसे माहीत होते?"

"मी… रागात बोलले असेन."

"असेल. आणि दुसरं. पार्लरवाली शपथेवर म्हणाली, हिला हात लावला नाही. मी तिला विचारायला हवं होतं की हिच्या ताईला लावलास का." आता त्यांनी मान वळवली. "या उन्हात जाकीट. वरचा डबा काढवत नाही. पर्स छातीशी, पण टेकू देत नाही, अधांतरी धरलीय. तुम्हालाही फार दुखतंय ना हो?"

हा शेवटचा प्रश्न नसता, तर ताईने बहुधा शेवटपर्यंत काही कबूल केलं नसतं. तिचा चेहरा एकदम लहान मुलासारखा वाकडा झाला.

"मला आधी झालं," ती म्हणाली. "दोन पोरं अंगावर वाढवली, मग सगळं उतरलं. हे काही बोलले नाहीत. नुसतं बघायचं थांबले. पार्लरवाली म्हणाली, ऑपरेशन कशाला, कापाकापी कशाला, दोन दुपारींचं काम. आणि खरंच छान दिसायला लागलं. मला वाटलं, किती सोपं! मग काडी त्या सर्जनकडून रडत घरी आली. म्हणाली, ताई, मी पुन्हा कुणा परक्यासमोर उघडी होणार नाही. मेले तरी नाही. तुझं कसं झालं? मग मी दाखवलं तिला. म्हणाली, तूच कर ना माझं. तुझा हात हलका आहे."

माळ्याने पाइप दुसऱ्या वाफ्यात टाकला.

"रोज कुत्र्यामांजरांच्या कातडीखाली औषध सोडते मी. मला वाटलं, तसंच. पार्लरवालीकडून बाटली आणली, गोंद तिचं बघून लावला. शेवटची सुई टोचल्याबरोबर काडीला खोकला आला. म्हणाली, छातीत गार वाटतंय. मी म्हटलं, घाबरू नकोस, होतं तसं. मला काय माहीत होतं का? तरी म्हटलं, होतं तसं!"

"आणि सर्जनचं नाव?"

"त्यानं रडवलं होतं तिला. दोष द्यायला तो बरा वाटला." ताईने तळहाताने तोंड झाकलं. "नवऱ्याला काय सांगू, हो? पोरांना काय सांगू? बहिणीचा जीव मी कशापायी घेतला?"

"घेतलेला नाही अजून. बाटली कुठे आहे?"

"घरी. कपड्यांच्या खाली. पण त्यात काय आहे ते नाही माहीत. बाहेरून मागवलेलं खास औषध आहे, असं ती म्हणायची. साध्या बाटलीत ओतून द्यायची."

घारीबाईंना माहीत होतं. ते न सांगितलेलंच बरं, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण आधीच या घरात सगळेच सगळ्यांपासून लपवत आले होते.

"सिलिकोनचं तेल आहे ते. मशीनच्या पट्ट्याला घालायचं. तुमच्याच दुकानातून नेते ती. तुमच्या नवऱ्याला वाटतं, तिला व्यायामाचा नाद आहे."

ताई आधी काही समजल्यासारखी दिसली नाही. मग तिला हसू फुटलं, आणि ते हसू आवरेना, आणि हसता हसताच ती पुढे वाकली. घारीबाईंनी तिचा खांदा धरला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ती हसत नव्हती. तिलाही श्वास घेता येत नव्हता.

७

दोघी बहिणींना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. तेल कशाचं हे कळल्यावर डॉक्टरने औषधं बदलली. आता झगडा जंतूंशी कमी आणि फुप्फुसांतल्या सुजेशी जास्त होता. ताईची तब्येत लवकर सावरली. काडीने सगळ्यांना पुष्कळ दिवस टांगणीला लावलं, पण एका सकाळी मास्क काढून तिने पाणी मागितलं.

ताप उतरल्यावर सर्जन स्वतः आला. जेवढं काढता येईल तेवढं खराब मांस काढायचं होतं, आणि हे काम त्या हॉस्पिटलात त्याच्याइतकं कुणाला येत नव्हतं. एकटाच आला. पडद्याबाहेर थांबून म्हणाला, "मी आत येऊ का?" आतून उत्तर यायला वेळ लागला. तेवढा वेळ तो तिथेच उभा राहिला. आत गेल्यावर त्याने खरं ते सांगितलं. सगळं निघणार नाही. आकार बिघडेल, गाठी राहतील, वर्षानुवर्षं तपासावं लागेल. काडीने ऐकून घेतलं. "हळू बोलाल का?" एवढंच ती म्हणाली, आणि तो हळू बोलला.

भावजीने त्या तेलाच्या सगळ्या बाटल्या स्वतः आणून घारीबाईंच्या टेबलावर ठेवल्या. रोज संध्याकाळी तो हॉस्पिटलात येई आणि दोन खाटांच्या मध्ये उभा राही. मेहुणीला कायम एकाच टोपणनावाने हाक मारलेली, आता खऱ्या नावाने मारायची तर जीभ वळेना. म्हणून तो कुणालाच हाक मारत नसे. बायकोचे पाय तेवढे पांघरुणात नीट घाली.

ताईवर खटला भरला गेला. बहीण तिच्या बाजूने साक्ष देणार होती. पार्लरवालीला पोलीस घेऊन गेले. पण तिने किती जणींना ते तेल भरलं होतं? "मला नावं आठवत नाहीत," एवढं ती म्हणाली आणि ओठ मिटून बसली. खात्याने जाहीर सूचना काढली, दारोदार पत्रकं वाटली. एकही बाई पुढे आली नाही. कोण येणार? गल्लीत आधीच हसणं चालू होतं.

घारीबाईंनी मग एक गोष्ट केली, जिला खात्यात कुणीच कधी तपास म्हटलं नसतं. त्यांनी पार्लरचं कुलूप उघडून घेतलं. आरसा पुसला, दारावरची जुनी पाटी तशीच ठेवली, मागच्या खाटेवर स्वच्छ चादर घातली आणि पडद्याआड एका वयस्क लेडी डॉक्टरला बसवलं. स्वतः पुढच्या खुर्चीत बसल्या. कोट नाही, ओळखपत्र नाही. आत डॉक्टर बसते, एवढंच गल्लीतल्या बायकांच्या कानावर जाऊ दिलं.

पहिला दिवस कोराच गेला. दुसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडे एक बाई भाजीची पिशवी घेऊन बराच वेळ उभी होती. मग निघून गेली. मग परत आली. उन्हात, शाल घट्ट लपेटून.

तिने दार अर्धंच ढकललं.

"केस कापायचे होते," ती म्हणाली. खाली बघत.

घारीबाईंनी ती शाल बघितली, तिने अंगाला चिकटवून धरलेली कोपरं बघितली. जिभेवर दहा प्रश्न आले. त्यांनी एकही विचारला नाही.

"या ना," त्या उठून म्हणाल्या, आणि रस्त्याच्या बाजूचा पडदा ओढून घेतला. "आत बसा निवांत. कुणी येत नाही इथे."